शेवटच्या स्लाइडवरचं नाव

तीर्थस्वरूप वहिनी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? दादाच्या घोरण्याचा त्रास (म्हणजे तुम्हाला होणारा) कमी झाला असेल, अशी आशा करतो. मी धडधाकट आहे, फक्त डोकं फिरलंय.

परवा आमच्या साहेबांचं भाषण झालं, विषय विहिरींचं पाणी. एकशे चाळीस विहिरी तीन वर्षं मी पालथ्या घातल्या, बाटल्या भरल्या, पाणी तपासलं. साहेब एकदाच आले होते (गाडीतून उतरले नाहीत). माझं कंत्राट या महिनाअखेर संपतंय. भाषणाला वरिष्ठ येणार होते आणि त्यांच्या कानावर नाव गेलं की तू कायम झालास म्हणून समज, असं साहेबच म्हणाले होते. म्हणून महिनाभर सामानाच्या खोलीत मी त्यांची तालीम घेतली. पडद्याकडे तोंड करून वाचू नका, एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवा, आकडा सांगितला की क्षणभर थांबा. हे थांबणं साहेबांना इतकं आवडलं, की वीस मिनिटांतली सात मिनिटं ते नुसतेच थांबले. लोकांना फार भारदस्त वाटलं.

आभाराची स्लाइड शेवटी ठेवण्याची अक्कलही माझीच. त्या स्लाइडवर एकच नाव होतं, माझं. तिच्या आधीच घंटा वाजली. साहेबांनी घाईघाईत माईकवाल्याचे आभार मानले आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. चहाच्या वेळी वरिष्ठ मला म्हणाले, आवाज छान लावला होतात. वहिनी, मला रडू आलं. साहेबांना जाब विचारला, तर म्हणाले, "अरे, वेळच उरला नाही, काय करणार?" दुसऱ्याच्या कष्टांवर उभं राहून त्याचंच नाव गिळणाऱ्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे.

दादाला नमस्कार सांगा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. वरिष्ठांना पत्र लिहून खरं काय ते कळवलं. सोमवारी त्यांनी मला दहा मिनिटं बोलायला बोलावलंय.

पुन्हा ता. क. सुट्टीभर बसून तुम्ही विहिरींचे जे रंगीत नकाशे काढून दिलेत, ते वरिष्ठांना फारच आवडलेत. साहेबांच्या स्लाइडवर ते लावताना तुमची कोपऱ्यातली सही मी कापली होती, पण मोठ्या पडद्यावर ते कापलेलं दिसतं. सगळं काम एकट्यानं केलं, असं मी पत्रात लिहून बसलोय. तेव्हा बिनसहीचे नकाशे नव्यानं काढून रविवारच्या आत पाठवा. घरच्या माणसांत कसले आलेत आभार?