उसना ‘मी’

३ ऑक्टोबर, हेलसिंकी
पोहोचले एकदाची! धक्क्यावर न्यायालयातल्या वरिष्ठ दुभाषी रायलीबाई आल्या होत्या. जिभेला भारी धार. माझी पेटी उचलताच विचारलं, पुस्तकं आणलीस की नवरा? दोन्ही, मी म्हटलं. नवरा एंडेल वारल्याचं ऐकून ओशाळल्या, मग दालचिनीचा पाव घेऊन दिला. पुस्तकं एंडेलची. वाचायची गोडी मात्र माझी मीच लावून घेतली. खोलीच्या खिडकीतून बंदर दिसतं. त्याला आवडलं असतं.

६ ऑक्टोबर
दुभाष्याचं काम कळलं. एस्टोनियन माणूस बोलतो तेवढं डोक्यात धरायचं, तो थांबला की फिनिशमध्ये सांगायचं. ‘तो म्हणतो’ असं नाही. त्याच्या जागी ‘मी’ म्हणायचं. रायलीबाईंनी बजावलं: पोटभर खा, झोप काढ, दुःख उगाळत बसू नकोस, शिणलेल्या डोक्यात काही टिकत नाही. आणि काम संपलं की सगळं दारातच झटकून टाक बये, कोणाला आत बिऱ्हाड करू देऊ नकोस.

१४ ऑक्टोबर
रेइन नावाच्या मच्छीमाराचा खटला. त्याची बायको लेइदा समुद्रात बुडाली. यानंच मारलं, असा आरोप. तो लांबलचक बोलला. मी सांगितलं: मी सुकाणूपाशी होतो, वळून पाहिलं तर लेइदा नव्हती. एक शब्द सुटला नाही. रायलीबाईंनी पाठ थोपटली.
घरी आल्यावर एंडेलच्या होडीचं नाव आठवेना. थकले असेन.

२० ऑक्टोबर
झोप उडाली आहे. मासे खारवताना एंडेल शीळ घालायचा. तो सूर गेला. त्या जागी डिझेलचा वास येतो. ओला निळा स्वेटर दिसतो. रेइन स्वेटरबद्दल अजून बोललेलाच नाही.
रायलीबाई म्हणाल्या, कॉफी कमी कर. सहज विचारलं, तुमचे यजमान काय करतात? त्या बराच वेळ कप ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, होते बहुतेक कोणीतरी.

२३ ऑक्टोबर
रेइन एवढंच म्हणाला, ती घसरली. माझ्या तोंडून आलं: ती होडीच्या काठाला लटकत होती, मी तिची बोटं सोडवली.
सगळे माझ्याकडे वळले. माझी चूक, मी म्हटलं. रेइनला फिनिश कळत नाही. तरी माझ्याकडे पाहून हसला — ओझं उतरल्यासारखा.

२४ ऑक्टोबर
पहारेकरी सांगत होता, रेइन आता गाढ झोपतो. लेइदा कोण, विचारतो.
एंडेलचा चेहरा — कपाळापर्यंत येतो, पुढे नाही —

२५ ऑक्टोबर
काम सोडलं. आता एवढं तरी लिहून ठेवते. एंडेल घरीच वारला. खाटेवर. खिडकी उघडी होती. माझ्या हातात त्याचा हात —
गार. ओला. नाही, खाट होती — काठ — निळा स्वेटर मीच विणलेला — तो माझं नाव घेत होता — बोटं घट्ट — मी एकेक