चिनात्सूला बोनच्या दिवसांत उपाशी न ठेवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रतिकारशक्ती संशोधन केंद्र, मात्सुए.

विषय : माझी मुलगी कै. चिनात्सू हिच्या पेशींचा उपास बोनच्या सणात थांबविणे व केंद्राच्या फाटकाशी विस्तव पेटविण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र.

महोदय,

१. माझी मुलगी ल्यूपसने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीराला परके समजून त्यावर उलटते त्या आजाराने, वारली. जाण्यापूर्वी तिने संशोधनासाठी रक्त दिले. त्यातील पेशी आपल्याकडे काचपात्रात अद्याप वाढत आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

२. आपल्या डॉ. नागाए बाईंनी घरी येऊन समजाविले, ते असे : "काका, पेशी उपाशी राहिली की आपल्यातलंच मोडकंतोडकं खाऊन जगते. एरवी चांगलंच आहे ते. पण चिनात्सूच्या ज्या पेशी मरायला हव्या होत्या, त्या याच जोरावर टिकल्या आणि तिच्यावरच उलटल्या." हे नीट पाहता यावे म्हणून त्या पेशींना वरचेवर उपाशी ठेवतात, असेही त्या बोलून गेल्या. माझी पत्नी तोमिए तेव्हा चहा ओतत होती. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

३. बोनमध्ये आमचे पितर घरी येतात. त्यांना वाट दिसावी म्हणून आम्ही दाराशी विस्तव पेटवितो, त्यांना बसून येण्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा ठेवितो. माझे आईवडील येतात, ते जाणवते. चिनात्सू येत नाही. पत्नीचे म्हणणे, तिचे मरण अर्धेच झाले आहे, उरलेली ती केंद्रात आहे. म्हणून प्रयोगात मेलेल्या उंदरांसाठी केंद्रात दरवर्षी होणाऱ्या स्मरणविधीत तिचेही नाव वाचावे, अशी विनंती मी केली. "जिवंत नमुन्याचे स्मरण करता येत नाही," असे आपण कळविले. म्हणजे कार्यालयही पत्नीच्याच मताचे आहे.

४. मुलीचा जीव घेणाऱ्या पेशींचा एवढा कळवळा का, असे आपण विचाराल. मीही घरात तेच विचारले. पत्नी म्हणाली, "त्यांनी तिला ओळखलं नाही, म्हणून मीही ओळखू नको का?" मला त्या पेशींची भीती वाटते, आणि जेवायला बसलो की त्या जेवल्या असतील का, हेही मनात येते.

५. सबब विनंती की, बोनचे तीन दिवस पेशींना पोटभर खाद्य द्यावे, व पहिल्या संध्याकाळी फाटकाबाहेर विस्तव पेटवू द्यावा. तो वाटीएवढाच असेल. पाण्याची बादली मी आणीन. मुलीला परत द्या, असा हट्ट आम्ही धरणार नाही. तिची आई "जेवलीस का" एवढे विचारून माघारी फिरेल.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र,
हिसाशी कुरोइवा
दि. ५ ऑगस्ट

सोबत : काकडीचा घोडा, एक. तोंड आमच्या गावाकडे करून ठेवावा.