आपली आणि बाहेरची

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिली एकदाची पावडर! एवढ्या महिन्यांची उस्तवार आणि हातात काय, तर बाटलीचं बूड जेमतेम झाकेल एवढी, जुन्या बॅटऱ्यांतून काढलेली काळी भुकटी. सेल बनवायच्या खोलीपर्यंत नेताना शिंक येईल की काय या भीतीने तोंड बंद करून चालले. वाटेत स्टोअरच्या बाईंनी विचारलं, "दात दुखतोय का?" मान हलवली. खुलासा करायला तोंड उघडावं लागलं असतं.

सेल बनवणारे गृहस्थ म्हणजे आमचे हातमोजे. दिवसभर काचेच्या बंद पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसतात, रबरी हातमोजे त्या पेटीलाच जोडलेले – म्हणून हातमोजे. खरं नाव कुणी घेत नाही. बोलणं इतकं अदबीचं की माझ्यासारखीलाही 'आपण'. "आपण बसावं. आपण पाणी घेणार?" मी आपली उभीच.

पेटीत कागदाची चिठ्ठी जाऊ देत नाहीत, ओलावा नको म्हणून. आत नेलेलं सगळं ते स्वतःच्या बाटल्यांत ओततात आणि खुणा स्वतःच करतात. तोंडीच सांगितलं – थोडे सेल आपल्या पावडरचे करा, थोडे बाहेरच्या. बाहेरची म्हणजे कंपनीकडून विकत आणलेली, कोरी. ती त्यांच्या फळीवर असतेच. दोघींना एकाच यंत्रावर पळवायचं आणि बघायचं कोण आधी दमतं.

"आपण निश्चिंत असा," म्हणाले.

निश्चिंत! मी!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सेल तयार. नाण्याएवढे. यंत्रावर चढले. चार्ज, रिकामे, पुन्हा चार्ज. पडद्यावर दोन रेषा – 'आपली' आणि 'बाहेरची'. अजून दोन्ही बाळसेदार.

घरी नवरा म्हणाला, "झालं ना आता? आता तुझ्या हातात काही नाही, शांत बस." हातात काही नाही म्हणूनच तर बसवत नाही!

१० फेब्रुवारी, सोमवार

आपली वर आहे! बाहेरचीपेक्षा वर!!

तीनदा जाऊन पाहिलं. बाहेरचीची रेषा घसरायला लागलीय आणि आपली सपाट, टेबलासारखी. सरांना बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं त्यांनी. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. एवढी मोठी झाले, केस पिकायला लागले, तरी टपली!

सरांनी मला घडवलं, दुसरा शब्द नाही. मी शिक्षण सोडून नोकरी धरायला निघाले होते, तेव्हा सर घरी येऊन बाबांशी भांडले होते. ही पद्धतसुद्धा त्यांच्याच एका वाक्यातून निघाली. सगळं जग जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या भरडतं, ॲसिडमध्ये विरघळवतं, एकेक धातू वेगळा काढतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं बनवतं. सर म्हणाले होते, "सदऱ्याचं बटण तुटलं तर आपण सदरा उसवून सूत काढत बसतो का?" बस. आम्ही विरघळवत नाही. बॅटरीतल्या पातळ पत्र्यावरून पावडर अलगद सोडवायची, धुवायची, वापरात तिचं जे लिथियम कमी झालं तेवढं परत द्यायचं, भट्टीत भाजायचं. दाणा तोच, पुन्हा कामाला. कागदावर किती सोपं!

११ फेब्रुवारी

आपली अजून सपाट. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चांगलं चाललंय तर मला चैन का नाही?

पावडर मी भिंगाखाली पाहिलीय. दाण्यांना तडे होते. पत्र्याचे कण पूर्ण निघाले नव्हते. ती इतकी गुणी निघावी? सासूबाई म्हणतात, "तुझं म्हणजे पोर पहिलं आलं तरी पेपर सोपा होता का, म्हणून विचारणारी!" खरंच आहे. पोरीला विचारलंच होतं मी तसं, गेल्या परीक्षेला. आठवडाभर बोलत नव्हती.

सरांना म्हटलं, बाहेरची एवढी वाईट कशी? कोरी, विकतची, कंपनीची! ते म्हणाले, "लॉट खराब असेल." मी म्हटलं, कंपनीला कळवू? "नको. आणि पाहुण्यांना ती रेषा दाखवू नकोस, नसते प्रश्न विचारतील."

पाहुणे म्हणजे गाड्या बनवणारे. येणारेत. आपली रेषा बघून त्यांच्या आवारात आपल्या पद्धतीचा कारखाना उभा करायचं म्हणतात. तसं झालं तर प्रयोगशाळा तरली, नाहीतर टाळं लागणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हातमोज्यांकडे गेले होते, आणखी सेल करून घ्यायला. जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

ते म्हणाले, "करू की. पण आपली संपत आलीय, मॅडम. मागवावी लागेल."

मी हसले. म्हटलं, आपली मागवायची कुठून? आपली आपणच करतो!

ते पेटीतून हात न काढता माझ्याकडे वळले. "आपली म्हणजे... ही." काचेतून फळीवरची मोठी बाटली दाखवली. विकतची. कंपनीची. "आपल्या खोलीतली. नेहमीची. आणि आपण आणलेली ती बाहेरची. बाहेरून आली ना, पेटीच्या त्या छोट्या दारातून."

त्यांच्या खोलीत त्या दाराच्या पलीकडचं सगळं जग 'बाहेरचं'! मी, माझी पावडर, माझी भट्टी – सगळं बाहेरचं. चूक कुणाची? त्यांनी मी बोलले तेच केलं. मीच एवढा ढोबळ शब्द वापरला. 'माझी' म्हणाले असते तर? पण 'माझी' म्हणायची लाज वाटते, सगळ्यांची मेहनत म्हणून 'आपली' म्हणायची सवय!

म्हणजे टेबलासारखी सपाट आहे ती विकतची. आणि घसरतेय, लंगडतेय ती – माझी.

जिन्यात बसून रडले. लाजेने नाही. तिची कीव आली. आठवडाभर मी तिला नावं ठेवत होते, वाईट म्हणत होते.

१८ फेब्रुवारी

सरांना सांगायला गेले. फोनवर होते. हातानेच 'नंतर' म्हणाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा गेले. "सर, सेलबद्दल एक गोष्ट –" तेवढ्यात म्हणाले, "आता पाहुणे येऊन जाऊ देत. तुला मी ओळखतो, ऐन वेळी शंका काढतेस. आता नको." मी म्हटलं, शंका नाही सर, गडबड झालीय. ते उठलेच. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळ्यांच्या चुली आपल्यावर आहेत, एवढं लक्षात ठेव."

कसं सांगू? त्यांचं तोंड किती उतरेल! या माणसाने माझ्यासाठी काय काय केलंय. आणि मी त्यांना पाहुण्यांच्या तोंडावर सांगायचं की तुमचा सदरा फाटकाच आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता, थांबला. "न सांगितलंस तर काय होईल?" कारखाना उभा राहील. माझ्या पावडरच्या बॅटऱ्या गाड्यांत बसतील. लोक घेतील. आणि वर्षभरात त्या मान टाकतील, भर रस्त्यात, कुणाचं तरी मूल मागच्या सीटवर झोपलेलं असताना. तो म्हणाला, "मग विचारतेस कशाला?" आणि पुन्हा भाजी निवडायला लागला. असा राग आला!

२० फेब्रुवारी

चिठ्ठी लिहून सरांच्या टेबलावर ठेवावी का? नको. तोंडानेच सांगायला हवं. उद्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुणे वेळेच्या आधीच आले! सरांची गाठ पडेपर्यंत सगळे यंत्रासमोर उभे.

एक बाई, दोन पुरुष. पुरुष कौतुक करत होते. बाई गप्प. सर सदरा-सुताचं सांगत होते, नेहमीसारखं रंगून. बाई पडद्याजवळ आल्या, सपाट रेषेवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ही आपण केलेल्या पावडरची ना?"

साधा प्रश्न. सरांनी माझ्याकडे पाहिलं. हसतच.

"नाही," म्हटलं. "ही विकतच्या पावडरची. नावं उलटी पडली. आम्ही केलेली ती." आणि दडवलेली रेषा उघडून दाखवली. घसरत, घसरत गेलेली.

मग बाईंनी दुसऱ्या रेषेबद्दल बरंच विचारलं – किती धुता, भट्टी किती वेळ, पत्र्याचे कण किती राहतात. सगळं खरं सांगितलं. पत्र्याचे कण, तडे, सगळं. उत्तरं देताना पहिल्यांदाच जीव थाऱ्यावर होता. "कळवतो," म्हणून गेले. 'कळवतो' म्हणजे काय ते कळतं.

सर दार लावून आत बसले. मी बाहेर उभी होते. बोलावलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर बोलत नाहीत. समोरून येतात, भिंतीकडे बघत जातात. टपलीच काय, नजरही नाही.

मी दुखावलं त्यांना. निदान पाहुण्यांसमोर नको होतं. आदल्या दिवशी दारात आडवं पडायला हवं होतं, ऐकल्याशिवाय जाऊ द्यायला नको होतं. भांडी घासताना माफी जुळवते. 'सर, तुमचा मान...' छे. 'सर, मला वेळच मिळाला नाही...' हा तर त्यांच्यावरच आरोप झाला. पोरगी म्हणाली, "आई, तू नळाशी बोलतेयस का?"

२५ फेब्रुवारी

पावडर पुन्हा करायला घेतली. धुणं वाढवलंय. पत्रा सोडवताना घाई नाही. कुणी विचारलेलं नाही, कुणी अडवलेलंही नाही. हाताला काम असलं की जरा बरं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाहुण्यांचा नकार आला. सरांनी सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवला. मग म्हणाले, "सेलच्या खोलीत निष्काळजीपणा झाला." हातमोज्यांची बदली – स्टोअरमध्ये, खोकी मोजायला. त्या हातांना खोकी!

मी उठून म्हटलं, चूक माझी आहे, शब्द माझा होता. सर म्हणाले, "बस खाली." बसले. का बसले? आपली बाजू मांडायला मिळत नाही तर दुसऱ्याची तरी मांडावी! सरांची माफी मागायचीच आहे, तेव्हा हेही सांगेन. उद्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आधी हातमोज्यांकडे गेले. सामान आवरत होते. त्यांचे हात पेटीबाहेर पहिल्यांदाच नीट पाहिले, पांढरे, सुरकुतलेले. म्हटलं, माझ्यामुळे झालं. मीच विचारायला हवं होतं, आपली म्हणजे कुठली.

"आपण मनाला लावून घेऊ नका," म्हणाले. "सरांनी विचारलं होतं. सेल चढले त्याच आठवड्यात. मी सांगितलं सगळं, कुठली कुठली ते. म्हणाले, मी विचारलं हे मॅडमना बोलू नका, त्या हळव्या आहेत."

आणि मी चार दिवस त्यांची माफी पाठ करतेय!