काठावर काढलेल्या चपला

अंदमान, गुरुवार

आत्याबाई, तुमच्या पायांवर डोकं ठेवून संयोगिता लिहिते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. ह्यांच्या पायाची सूज उतरली आहे, हे आधी सांगते.

रविवारी समुद्रावर गेलो होतो. सोबतचे जवान म्हणाले, “बूट घालूनच उतरा, प्रवाळात विषारी मासे असतात.” हे म्हणाले, “आमी कृष्णामाईत कवा चप्पल घालून उतरलो न्हाई.” चपला काठावर काढल्या, पाण्याला हात जोडले, आणि दगड समजून माशावरच पाय दिला. त्याच्या पाठीवर विषाचे काटे होते.

दवाखान्यात पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायला लावला. तेव्हा ते तुम्हालाच हाका मारत होते.

दोन बोटं अजून बधिर आहेत. धावता आलं की ड्युटी, असं साहेब म्हणतात. येईलच धावता.

तुमचा गुडघा कसा आहे?

“आईला कळवू नगंस, माझ्याच शिकवणीनं झालं म्हणंल,” असं हे म्हणाले होते. तरी लिहिते, कारण दिवाळीला तुम्ही येणार आणि तुम्हीही चपला काढणार. तुमच्या मापाचे रबरी बूट आणून ठेवलेत. काठावर आधी दोघी हात जोडू, मग मी ते तुमच्या पायांत घालीन.

तुमची सून,
संयोगिता