अकरावा कागद

३ डिसें.
लंडनहून ईमेल. एडिथ मॅडमच्या छापचित्रांची यादी करणारी बाई गुरुवारी नगरला येतेय. मॅडम जाऊन वर्ष झालं. त्यांनी इथल्या छापखान्यात दगडावरून छापलेल्या रंगीत चित्राच्या दहाच प्रती आहेत, असं मी लिहून द्यायचं. हाताखाली मीच होते, साक्षीला दुसरं कोणी उरलेलं नाही. जादा प्रत सापडली तर फाडतात. मॅडमनीच तसं लिहून ठेवलंय.


दुपारी
तेव्हा ते चित्र छापताना तीन रंगांतला शेवटचा, निळा, अकराव्या कागदावर केसभर सरकला. "फाडून टाक," मॅडम म्हणाल्या. बिघडलेला कागद बाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम. फाडला म्हणून सांगितलं. चोवीस वर्षांची होते. तसला निळा मी आधी कुठे...
तो कागद शेजारच्या शांताला तिच्या लग्नात भेट दिला.

५ डिसें.
बेलापूर, शांताचं सासर. चित्र परत मागायचंच म्हणून गेले. शांता खूश. "बया, आमचं डाग पडल्यालं चित्र आठवलं व्हय तुला?" हिच्या मैत्रिणीला साधा गणपती काढता येत नाही का, असं सासूने लग्नातच विचारलं होतं म्हणे. दोघी खूप हसलो. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं तवा दोन वर्सं ह्येच बघत पडून हुते. निळ्यात पानी हालतंय म्हनायचे."
जेवून आले. मागितलं नाही.

६ डिसें.
कॉन्व्हेंटात सिस्टरपुढे खोटं बोलताना माझे कान तापायचे, सिस्टर नुसतं कानांकडे बघायच्या. आज आरशात बघत वाक्य म्हणून पाहिलं. दहाच प्रती, बाकी सगळ्या नष्ट. कान लाल. या वयात.

७ डिसें.
आली. तरुण, गोड मुलगी. खरंच फाडता का, विचारलं. हो, म्हणाली, दोन स्वतः फाडल्यात, दुसरीच्या वेळी रडले. मग तिने सहीचा कागद पुढे ठेवला. पेन उघडलं. मॅडमच्या नखांतली शाई डोळ्यांपुढून हलेना. सही उद्या दहाला करते म्हटलं.
फाटकापाशी मीच विचारलं, फाडण्याआधी एखादी प्रत, ज्या भिंतीवर आहे तिथे जाऊन बघाल का.
ती थांबली. "कुठल्या भिंतीवर?"
"बेलापूरला," मी बोलून गेले.
उद्या दहाला गाडी घेऊन येतेय. शांताला फोन करायला हवा. अजून केलेला नाही.