कुठली लिली?

२ फेब्रुवारी

ताई आली. दोन बॅगा, एक छत्री आणि टोपलीत चक्क बोका! फोनवर त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणे, "सांगितलं होतं की मी." नव्हतं सांगितलं! पण भाऊजी गेल्यापासून एकटी राहून वाळून गेलीय, आल्या आल्या काय वाद घालायचा? गिळलं.

बोक्याचं नाव मुकादम. थेट माझ्या शिलाई मशीनवर जाऊन बसला आणि माझे टाके तपासायला लागला. नाव शोभतं मेल्याला.

३ फेब्रुवारी

उठून बघते तर ताई खिडकीपाशी, माझ्या कुंड्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी. जन्मभर औषधांच्या दुकानात काम केलेली बाई, बोलते तेही लेबल वाचल्यासारखं. "मनी प्लांट — मांजराने चावला तर तोंडाची आग. कोरफड — उलट्या, जुलाब." मग माझ्या लाडक्या कुंडीपाशी थांबली. "ही कुठली लिली?"

"पीस लिली."

"हिने तोंड पोळेल, लाळ गळेल, पण सहसा मरणार नाही. खरी लिली निराळी. ती भोंग्यासारख्या मोठ्या फुलांची. ती घरात आणायचीच नाही! अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची किडनी जाते. फुलदाणीतलं पाणीसुद्धा नको. नुसतं लिली म्हणून भागत नाही, चिमे. कुठली ते विचारायचं."

मी म्हटलं, "झाडं माझी, बोका तुझा. त्याला आवर."

पीस म्हणजे शांती म्हणे! नावात शांती आणि घरात पहिल्याच सकाळी कुरबुर.

८ फेब्रुवारी

मुकादमाने मनी प्लांट चावलाच. लाळेची नुसती धार! ताईने ओल्या फडक्याने तोंड पुसलं, दूध चाटवलं, जराही घाबरली नाही. मीच घाबरले. मनी प्लांट आणि कोरफड खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला देऊन आले. पीस लिली मात्र कपाटावर चढवली. ती नाही देणार. एवढ्याशा कोंबापासून वाढवलीय मी.

१२ फेब्रुवारी

चहा घेताना ताई कपाटाकडे बघून, "ही कुठली लिली?" काल विचारलं, परवा विचारलं, आज पुन्हा! सरळ 'काढून टाक' म्हणायचं नाही, टोचत राहायचं. लहानपणापासूनची खोड.

१३ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. मी मशीनच जोरात चालवायला घेतलं.

१७ फेब्रुवारी

दिली! पीस लिलीही शेजारणीकडे गेली. जिना चढताना रडू आलं. एका कुंडीसाठी रडतेय, या वयात.

वर आले तर ताई रिकाम्या खिडकीकडे बघत उभी. "इथं काहीतरी असायचं ना गं? किती भकास दिसतंय." आता हिला काय म्हणावं? कपाळावर हात मारून घेतला आणि ब्लाउजला हुक लावत बसले.

२० फेब्रुवारी

झोप येणार नाही, म्हणून लिहिते.

गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून आले, दार उघडलं आणि वास आला. टेबलावर फुलदाणीत पांढरी, भोंग्यासारखी फुलं! ताईचा चेहरा फुललेला. "खिडकी भकास वाटत होती ना, तुझ्यासाठी आणली." आणि टेबलाखाली मुकादम, नाकावर नारिंगी पूड, जिभेने मिशा पुसतोय.

मी किंचाळले. बोक्याला टॉवेलमध्ये गुंडाळला, ताईला हाताला धरून जनावरांच्या दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कुठली लिली?" मी धडाधड सांगितलं — खरी लिली, पराग, नाकाला लागलेत, चाटलेत, अर्ध्या तासाच्या आतलं. ताईचंच लेबल माझ्या तोंडून. "लगेच आणलंत, बरं झालं," म्हणाले. उलटी करवली, अंग धुतलं, सलाइन लावलं. किडनीचं आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

बाकावर बसल्यावर माझा तोल गेला. "अगं, तूच ना शिकवलंस मला? घरात आणायची नाही म्हणून?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. "मी?"

२१ फेब्रुवारी

मुकादम अजून सलाइनवर. खात नाही.

ते "मी?" कानातून जात नाही. सोंग नव्हतं ते. मग रोजचा तो "कुठली लिली?" — तो टोमणा होता कुठे? तिला खरंच आठवत नव्हतं. आणि मी तोंड फुगवून बसले! आज तिने भाऊजींसाठीही कप मांडला. मी तो उचलून ठेवला. भीती वाटतेय. बोक्यासाठी वाटते, त्याहून हिच्यासाठी.

२३ फेब्रुवारी

वाचला! किडनी शाबूत आहे. घरी येऊन पहिलं काम काय, तर माझ्या रिळाचा दोरा सोडला. सोड बाबा, हवा तेवढा सोड.

ताईसाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. डोळे तपासायचेत, असं तिला सांगितलंय.

२४ फेब्रुवारी

मुकादम मशीनवर पसरला होता. ताई त्याच्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "किती गोड आहे गं! कोणाचा हा बोका?"

"माझा," मी म्हटलं.

"मग एक सांगून ठेवते, चिमे. घरात लिली आणू नकोस हो."