कुरूप काढायचे वस्तरे आणि अकोल्याची चप्पल

मी, शेषराव किसनराव होले, वय चोपन्न, धंदा फुलशेती व फुलविक्री, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डाव्या पायाचे मात्र सांगवत नाही. येत्या गुरुवारी नागपूरला त्याचे दुसरे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व पोस्टातील ठेवी माझ्यामागे पत्नी शकुन हिच्या. तिच्या हयातीत मुलांनी वाटणीचा विषय काढू नये.

२. भातकुलीजवळचे शेत मुलगा कुंदन व मुलगी रागिणी यांना सारखे. लग्न झालेल्या मुलीला कशाला, असे माझे चुलते म्हणतील. त्यांचे ऐकू नये. शेवंती केव्हा खुडावी हे रागिणीला भावापेक्षा जास्त कळते. फुलांचे दुकान कुंदनचे. त्याने तराजूला बोट लावू नये.

३. आता माझा संग्रह. तळपायाला कुरूप होते, ते तासून काढण्यासाठी पूर्वी वेगळा लहान वस्तरा बनत असे. तो दाढीच्या वस्तऱ्याच्या जेमतेम निम्मा भरतो. इंग्लंडातील शेफिल्ड व जर्मनीतील झोलिंगन येथे बनलेले असे जुने वस्तरे मी बाजार धुंडाळून जमवले. सागवानी पेटी मी स्वतः केली. प्रत्येकाला मखमलीची खाच आहे. शाळा आठवीपर्यंतच झाली, तरी पात्यांवरची इंग्रजी आणि जर्मन अक्षरे मी एकट्याने शिकलो. मूठ खऱ्या हाडाची की सेल्युलॉइडची, हे मी डोळे मिटून सांगतो. पात्याला बोट लावू नये, घामाने गंज धरतो. शिलाई मशीनचे तेल लावावे. खोबरेल चालणार नाही.

हाडाच्या मुठीचा वस्तरा मी मित्र खुशालराव यांना कबूल केला होता. तो त्यांना देऊ नये. त्यांनाही माझ्यासारखा साखरेचा आजार आहे. कारण पुढील कलमात आहे.

४. पत्नीचा भाऊ पिंटू याचे अकोल्यात चपलांचे दुकान आहे. यंदा राखीला शकुन गेली तेव्हा त्याने माझ्यासाठी एक चप्पल दिली. त्याच आठवड्यात मी हाडाच्या मुठीच्या वस्तऱ्याने स्वतःचे कुरूप काढले. संग्रहातले पाते वापरायचे नसते, हा नियम मीच लोकांना ऐकवत असे. पण त्या दिवशी त्याला धार लावली होती, आणि ती धार पाहून मला राहवले नाही. साखरेने पाय बधिर झालेला. पाते मांसात गेले ते टॉवेल लाल झाला तेव्हा कळले. टॉवेल धुतला, वस्तरा पुसून खाचेत ठेवला.

पाय चिघळला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा शकुन शेजारी उभी होती. ही पेटी विहिरीत टाका, असे ती लग्नापासून सांगत आली. तिच्यासमोर वस्तऱ्याचे नाव घेण्याची मला लाज वाटली. म्हणालो, नवी चप्पल लागली.

अंगठा काढावा लागला. शकुनने भावाला फोनवर नाही नाही ते सुनावले. भाऊबीजेला गेली नाही. तो स्वतः आला, तर पाट मांडला नाही, घरात घेतले नाही. दारातून त्याचा आवाज आला, "ताई, चप्पल नरम होती व. मी सोताच्या गालाले लावून पाह्यली होती."

मी आत खाटेवर जागा होतो. कूस बदलली.

याच पिंटूला मी आयुष्यभर 'चपलावाला' म्हणून हसलो. माझीही सगळी हौस लोकांच्या पायांपाशीच होती, हे त्याने एकदाही बोलून दाखवले नाही.

सबब, माझ्या मृत्यूनंतर शकुन व पिंटू यांना एकत्र बसवून हे कलम मोठ्याने वाचावे.

५. हे कलम आज वाढवले. सहीआधी घरच्यांना सगळे माहीत असावे, असे साक्षीदार देवमन तायडे गुरुजींचे मत पडले. म्हणून काल शकुनला वाचून दाखवले. चौथे कलम संपेपर्यंत तिने ऐकले. मग म्हणाली, "माहा भाऊ जिता हाये. मीबी जितीच हाओ. मंग हे मेल्यावर कोनाले सांगून राहिले तुमी?"

तिने पिंटूला फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी सगळे सांगितले. तो रागावला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "भाऊजी, तवापासून तो माल मी इकलाच नाही. आनखी कोनाचा पाय जाईन म्हनून."

सबब, वस्तऱ्यांची पेटी माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. ती आजपासून शकुनची. किल्ली तिने कमरेला खोचली आहे. तिने पेटी विकावी की विहिरीत टाकावी, आणि तेल कोणते लावावे, यावर मी बोलणार नाही. चौथे कलम आता कोणाला वाचून दाखवण्याची गरज नाही. तरी ते खोडलेले नाही.

शकुन सकाळच्या एस.टी.ने ओवाळायचे ताट घेऊन अकोल्याला गेली. माझे जेवण झाकून गेली.

अडगळीत टाकलेली ती चप्पल मी कुंदनकडून काढून घेतली. डाव्या पायाला पट्टी आहे. उजव्या पायात घालून ही सही करत आहे. नरम आहे.

सही: शेषराव किसनराव होले

आमच्यासमक्ष सही केली:
१) देवमन तायडे, निवृत्त शिक्षक
२) खुशालराव बेलसरे (कलम तीन वाचले. तक्रार नाही.)

ठिकाण: अमरावती
दिनांक: ८ डिसेंबर २०२४